रेडकरांचे मालक

ऑगस्टमधली सकाळ होती. दुबईत, अल कुसैसमधल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टला आतून हात टेकला तरी चटका बसत होता. तिसऱ्या मजल्यावर रेडकर आत आले, टिफिनची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि मला म्हणाले, "आज बर्फ आहे. गुरं आत बांधायला सांगितलीत."

मी "बरं" म्हणालो. रेडकरांच्या शेजारी राहायचं तर हा शब्द जवळ असावा लागतो.

खाली नातूर, म्हणजे आमचा रखवालदार, फरशी पुसत होता. रेडकरांनी त्यालाही थांबून सांगितलं, "आज बर्फ गिरेगा." नातूरनं दरवाज्याबाहेर आभाळाकडे पाहिलं. आभाळ नेहमीसारखं धुळीनं पांढरं झालं होतं. "इन्शाल्ला," तो म्हणाला आणि पुन्हा फरशीकडे वळला.

रेडकर वेडे नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. ते साठीला टेकलेले, मालवणकडचे, एकटे गृहस्थ आहेत. इंडस्ट्रियल एरियात खजुराचे आणि टिश्यूचे खोके छापणाऱ्या एका कंपनीत ते क्वालिटी बघतात. खोक्यावरचा खजूर मूळ खजुरापेक्षा जास्त लाल झाला तर ते मशीन बंद पाडतात. पगार वेळेवर, नमाजाच्या वेळी मशीनचा आवाज कमी, लुंगी फक्त घरात. अशा माणसाला बर्फाची बातमी कुठून मिळाली, तर मालकांकडून.

हे मालक कोण, हे कळायला आम्हाला एक वर्ष लागलं.

आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा रेडकर जिन्यात, लिफ्टमध्ये, ग्रोसरीत भेटले की मालकांबद्दल बोलत. "मालकांनी घोड्यांच्या आजारांवर पुस्तक काढलंय." मला आणि वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, वाटलं की त्यांच्या कंपनीचे अरब मालक. अरबाला घोड्यांची आवड असणारच. मग एकदा म्हणाले, "मालक हल्ली दुकानात चीज ठेवतात. पुस्तकं घ्यायला येणारा चीजही नेतो." वैशाली म्हणाली, "धंदा वाढवतायत वाटतं." मीही मान डोलावली. दुबईत खोके छापणारा माणूस चीज विकायला लागला तर कुणी दचकत नाही.

एकदा मात्र हे प्रकरण हाताबाहेर गेलं. कंपनीच्या पँट्रीत चहा घेताना रेडकर कुणाला तरी म्हणाले, "मालकांचं काही खरं नाही. कर्ज फार झालंय. कागदवाला उधार देत नाही. खलास." हे त्यांनी ज्या गंभीरपणे सांगितलं, त्या गंभीरपणे ते ऐकलं गेलं. दुपारपर्यंत बाइंडिंगची अर्धी मुलं अबू धाबीजवळच्या मुसफ्फामधल्या ओळखीच्या वर्कशॉपांना फोन लावत होती. एका मल्याळी सुपरवायझरनं मुलाच्या शाळेची फी भरायची थांबवली. संध्याकाळी एचआर मॅनेजरनं रेडकरांना केबिनमध्ये बोलावलं.

"रेडकर, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सर, छापून आलंय."

"कुठे?"

"बोस्टनच्या पेपरात. सव्वादोनशे वर्षं झाली."

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर सर्क्युलर लागलं. मिस्टर रेडकर ज्या मालकांचा उल्लेख करतात ते या कंपनीचे मालक नाहीत, सबब कर्मचाऱ्यांनी घाबरू नये. रेडकरांनी त्या सर्क्युलरमधल्या स्पेलिंगच्या दोन चुका पेन्सिलनं दुरुस्त केल्या. त्यांच्या मते विषय तिथं मिटला.

तर हे मालक म्हणजे सव्वादोनशे वर्षांपूर्वीचे अमेरिकेतले एक छापखानेवाले आणि पुस्तकविक्रेते. मॅसॅच्युसेट्सकडच्या एका गावात त्यांचा छापखाना होता. खाली छपाई, पुढे दुकान, वर बायकोमुलं. त्यांचं नाव रेडकर सहसा घेत नाहीत. "मोठ्या माणसाचं नाव सारखं काय घ्यायचं?" असं त्यांचं म्हणणं आहे.

या दोघांची गाठ एका मिक्सरमुळे पडली. कुणी अमेरिकन कुटुंब दुबई सोडून निघालं होतं आणि घरातलं सामान विकत होतं. रेडकर मिक्सर बघायला गेले. "साठ दिरहम. म्हणजे बघा, तेरा-चौदाशे रुपये. वर पुस्तकांचा खोका फुकट." मिक्सर पहिल्याच ओल्या खोबऱ्याला जळला. खोक्यात मात्र तळाशी एक तळहाताएवढी पुस्तिका सापडली. मुलांची अक्षरओळख, प्रत्येक पानावर एक ठेंगणं लाकडी ठशाचं चित्र. मुखपृष्ठ नाही, पहिलं पान नाही. शेवटच्या पानावर मालकांच्या नावानिशी जाहिरात. याच दुकानात बायबल, पंचांग, प्रवचनं, गाण्यांची पुस्तकं, घोड्यांची औषधं, शाईची पूड आणि उत्तम चीज मिळेल. पुस्तकांच्या बदल्यात स्वच्छ चिंध्या घेतल्या जातील, कारण कागद चिंध्यांपासून बनतो.

"चिंध्या आणा, पुस्तक न्या," रेडकर मला म्हणाले होते. "याला म्हणतात मालक."

मग त्यांनी मालकांनी छापलेली सगळी पुस्तकं वाचायची ठरवली. अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी जुन्या पुस्तकांचे फोटो इंटरनेटवर टाकलेले असतात. रेडकर ते ऑफिसबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणत आणि ज्या क्रमानं मालकांनी काढली त्याच क्रमानं वाचत. पंचांगाचं रोज एक पान, पहिल्या पानापासून. ते हातात जूनच्या शेवटी पडो नाहीतर ऑगस्टमध्ये, रेडकरांचा जानेवारी त्या दिवशी सुरू होई. म्हणून तो बर्फ.

वाचायची त्यांची एक रीत होती. जुन्या इंग्रजी छपाईत एस हे अक्षर पुष्कळदा एफसारखं दिसतं. रेडकर ते एफच वाचत. त्यामुळे मालकांच्या प्रवचनात माणसं 'सिन' करत नसत, 'फिन' करत, आणि नरकात त्यांचे 'सोल' न जाता 'फोल' जात. मी एकदा म्हणालो, "अहो, तो एसच आहे." ते म्हणाले, "मला माहीत आहे. पण छापलंय तसं वाचायचं. मालकांनी काही विचार केला असेल."

जे पुस्तक चालू असेल त्याचा ताप शेजाऱ्यांना व्हायचा. प्रवचनांच्या वर्षी रेडकर कुणाकडे फारसे गेले नाहीत. गेले तिथे पापाबद्दल बोलले. घोड्यांच्या पुस्तकाच्या वेळी माझी कंबर धरली होती. रेडकर एका बाटलीत काहीतरी घुसळत आले. टर्पेंटाइन, अंड्याचं पिवळं आणि व्हिनेगर.

"हे घोड्याला लावतात ना?" वैशालीनं विचारलं.

"घोडा दहा मैल चालला, वहिनी."

"यांना मेट्रो स्टेशनपर्यंतच जायचंय."

रेडकरांनी जरा विचार केला आणि टर्पेंटाइन कमी केलं. कंबर बरी झाली. वैशाली म्हणते आपोआप झाली. मला अजून नक्की सांगता येत नाही, पण लिफ्टमध्ये आठवडाभर माझ्याजवळ कुणी उभं राहत नव्हतं.

वाचता वाचता रेडकर चुकाही काढायला लागले. मालकांच्या नव्हे, ग्रंथालयाच्या. अमेरिकेतल्या एका जुन्या ग्रंथालयाच्या सूचीत मालकांच्या कुठल्याशा गाण्याच्या पुस्तकाची पानं कमी लिहिली होती. रेडकरांनी ईमेल केली. ऑफिसात सप्लायरला पाठवतात त्याच भाषेत. 'डिअर सर, प्लीज नोट द डिस्क्रेपन्सी अँड डू द नीडफुल.' उत्तर आलं. एका मार्था नावाच्या बाईंनी आभार मानून दुरुस्ती केली होती. रेडकरांनी पुढची चूक पाठवली. तीही दुरुस्त झाली. असं काही वर्षं चाललं. मार्थाबाई सणासुदीला शुभेच्छा पाठवत आणि रेडकर त्याला उत्तर म्हणून आणखी एक चूक पाठवत.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी रेडकर आमच्याकडे आले. दारातच उभे राहून म्हणाले, "मार्थाबाई येतायत. मुलगा अबू धाबीला असतो तिचा. त्याला भेटून परत जाताना मला भेटणार म्हणते. मालकांची पुस्तिका बघायचीय तिला."

"छानच की. या म्हणावं."

"बसायचा प्रश्न आहे. माझ्या एका खोलीच्या स्टुडिओत एकच खुर्ची आणि तिच्यावर प्रवचनं आहेत."

म्हणून मार्थाबाई आमच्या हॉलमध्ये आल्या. सत्तरीच्या, उंच, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. वैशालीनं घावने केले होते. बाईंनी ते बोटांनी तोडून खाल्ले आणि चटणीची रेसिपी विचारली. आमची सई, सातवीत आहे, तिला इंग्रजीत बोलायला कुणीतरी मोठं माणूस मिळालं म्हणून ती हलेना. रेडकर इस्त्रीचा शर्ट घालून टोकाच्या खुर्चीवर बसले होते. इतकी वर्षं ज्यांना चुका दाखवल्या, त्या बाई प्रत्यक्ष समोर आल्यावर त्यांना एकही चूक आठवत नव्हती.

शेवटी त्यांनी पिशवीतून पुस्तिका काढली. बाईंनी हात पुसले आणि एक एक पान उलटलं. पार शेवटपर्यंत गेल्या, मग पुन्हा पहिल्यापासून. नंतर सांगितलं की ही पुस्तिका जाहिरातींतून माहीत होती, पण कुठल्याच ग्रंथालयात तिची प्रत नाही. मुलांची पुस्तकं राहत नाहीत. मुलं ती चघळतात, फाडतात, त्यांच्या होड्या करतात. "मी मागायला आलेले नाही," त्या म्हणाल्या. "मला फक्त बघायची होती."

रेडकर म्हणाले, "यू टेक, मॅडम."

बाईंनी विचारलं, "तुम्हाला नक्की द्यायची आहे?" रेडकरांनी मान हलवली. मग बाईंनी विचारलं, जे आम्ही इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. म्हणाल्या, हाच माणूस का? अमेरिकेत तेव्हा छापखानेवाले पुष्कळ होते. हा काही फार मोठा नव्हता. तुम्ही याच्यामागे इतकी वर्षं का घालवलीत?

रेडकर म्हणाले, "नो स्पेशल रीझन, मॅडम." मग माझ्याकडे वळून मालवणीत म्हणाले, "तिका सांग, माझ्या बापाशीचो छापखानो होतो."

रेडकर माझ्याशी कधी मालवणीत बोलत नसत. मला ती सासुरवाडीमुळे समजते. मी बाईंना इंग्रजीत सांगितलं.

"पुढे दुकान, मागे छपाई," रेडकर म्हणाले. "दशावताराची हँडबिलां, लग्नाच्यो पत्रिका, शाळेचे पेपर, सोड्याच्या बाटलीची लेबलां. सगळा छापीत. अर्धे लोक पैसे देत नसत, नारळ देत."

मी सांगितलं. नारळाला बाई हसल्या.

"ते गेल्यार खिळे मीच विकले. शिशाच्या भावान. एजंटाक पैसे देऊचे होते, हय येवक."

मी मुळात लॉजिस्टिक्सचा माणूस. म्हणालो, "आफ्टर हिज फादर डाइड, ही सोल्ड द नेल्स."

बाईंनी स्वतःच्या नखांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. सई म्हणाली, "बाबा, व्हॉट नेल्स?" छापखान्यातल्या अक्षरांना मराठीत खिळे म्हणतात हे मला माहीत होतं, पण त्यांना इंग्रजीत काय म्हणतात ते त्या क्षणी सुचेना. रेडकरांनीच हळू सांगितलं, "टाइप, मॅडम. लेड टाइप. बाय वेट."

"ओह," बाई म्हणाल्या. त्यांना एवढंच पुरलं.

"बापाशीन छापलेलो एकव कागद माझ्याकडे नाय," रेडकर माझ्याकडे न बघता म्हणाले. "तेव्हा कोण ठेवता? भजी बांधूक गेले. ह्या माणसाचा निदान सगळा गोळा करूक येता, म्हणान करतंय. एवढाच सांग."

मी सांगितलं. या वेळी शब्द बरे सापडले.

बाईंनी पुस्तिकेवर हात ठेवला. मग त्यांनी विचारलं की गावाकडे कधी शोधलंत का. रेडकर म्हणाले की तिथं कसलं ग्रंथालय आणि कसली सूची. बाई म्हणाल्या, "आमच्याकडे या माणसाचं जे आहे ते ग्रंथालयातून आलेलं नाही. लोकांच्या स्वयंपाकघरांतून, माळ्यांवरून आलंय. आमच्या आधीच्या लोकांनी दारोदार जाऊन विचारलं होतं." आणि अगदी साधेपणानं म्हणाल्या, "तुमच्या गावात कुणी विचारलंय?"

बाई निघताना रेडकरांनी पुस्तिका खजुराच्या कोऱ्या खोक्यात, टिश्यूत गुंडाळून दिली. खोक्यावरचा खजूर अगदी बरोबर रंगाचा होता.

त्यानंतर महिन्याभरानं रेडकरांनी रजा टाकली. कंपनीत धावपळ झाली, कारण त्यांना रजेत गावी गेलेलं तिथं कुणी पाहिलं नव्हतं. रजेचा काळ ते इथंच वाचत काढत. आईवडील नाहीत, भाऊ मुंबईला, घराला कुलूप. "कोणासाठी जायचं?" असं विचारायचे, आणि आम्हालाही ते पटायचं. या वेळी विमानाचं तिकीट काढताना त्यांनी काही सांगितलं नाही. नातूरला मात्र आपल्या कुंडीतल्या झाडाला पाणी घालायला सांगून गेले.

पंधरवड्यानं कुडाळहून सासूबाईंचा फोन आला. "ते तुमचे रेडकर आमच्या माळ्यार चढलेत," त्या वैशालीला म्हणाल्या. "चाय निवली. खाली येणत नाय. कागद बघतत म्हणे."

"कसले कागद?"

"जुने. गावात घराघरांत जातत. लोक म्हणतत, जमिनीचा काय्येक असतला. इलेक्शनचा असतला म्हणान एकान तेंका रेशन कार्ड दाखवला."

"तू काय दिलंस?"

"काय देऊचा? माझ्या लग्नातल्या ट्रंका दाखवल्यो. बघूदेत."

रेडकर महिना संपल्यावर परतले. काळे पडले होते आणि हाताला कोळ्याची जाळी लागून पुरळ उठलं होतं. पहिल्याच शनिवारी आमच्याकडे आले, बसले, आणि शर्टाच्या आतून प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद काढून टेबलावर ठेवला.

"सतरा गावं फिरलो," ते म्हणाले. "एवढं मिळालं."

ती एक लग्नपत्रिका होती. गुलाबी कागद विटून मातीच्या रंगाचा झाला होता. वर गणपती, कोपऱ्यात हळदीचा डाग. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून सुरुवात. नवरामुलगा आणि नवरीमुलगी दोघंही आता हयात नाहीत, रेडकरांनी सांगितलं. त्यांच्या धाकट्या सुनेनं देव्हाऱ्याच्या मागे ठेवली होती. खालचा कोपरा वाळवीनं खाल्ला होता. जिथं छापखान्याचं नाव असतं, नेमका तोच.

सई वाकून बघत होती. म्हणाली, "बट काका, हाऊ डू यू नो इट्स हिज? देअर्स नो नेम."

मला तिला गप्प करावंसं वाटलं. पण रेडकरांनी तिला जवळ बोलावलं. बोट ठेवून म्हणाले, "हय वाच."

सईनं अक्षर लावत वाचलं. "वधू-वरांस शुभ... आर्शिवाद... द्यावेत."

"आशीर्वाद पाहिजे," वैशाली म्हणाली. "रफार 'वा'वर."

"वडील 'शि'वर लावायचे," रेडकर म्हणाले. "पत्रिकेतला शेवटचा मजकूर सगळ्यांना सारखाच. म्हणून तो त्यांनी एकदा जुळवला आणि दोऱ्यानं बांधून ठेवला. नावं तेवढी बदलायची. चूक पण बांधलेलीच राहिली. शाळेचे हेडमास्तर दुकानात येऊन भांडले होते. मी तिथंच होतो, शाई लावत."

"मग?" मी विचारलं.

"बापूस तेंका म्हणालो," आणि इथे रेडकर पुन्हा मालवणीत गेले, "गुरुजी, अर्ध्या गावाची लगीनां ह्याच आर्शिवादार लागली. कोणाचा काय अडला?"

वैशाली हसली. मीही हसलो. रेडकर हसले नाहीत. ते त्या शब्दाकडे बघत होते. बघता बघता त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

"माझीच पत्रिका तेवढी छापूची रवली," ते म्हणाले.

आणि पत्रिका त्यांनी सईपुढे सरकवली, तिला नीट बघता यावी म्हणून.